जाळीला शिवलेली बाही

त्या गल्लीत दोन अभिमान सगळ्यांना पाठ होते, आणि ते दोन्ही एकाच घरात नांदत होते. घराच्या पुढच्या भागात नवऱ्याची बेकरी. आपल्या पावावर आजवर माशी बसलेली नाही, हे तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि जुन्या गिऱ्हाइकाला त्याची आठवण करून द्यायचा. मधल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. ती पडदे शिवायची. आणि मागे परसात तिचा कोबी. त्याच्या पानाला भोक सापडलं तर दाखवा, असं तिचं म्हणणं. नवरा निदान बोलून मोकळा व्हायचा. ही बोलायचीही नाही, नुसती पाहुण्याला परसात नेऊन उभी करायची.

आता कोबीच्या पानाला भोक नसणं म्हणजे काय, ते ज्यांनी कोबी फक्त पिशवीतून घरी आणलाय त्यांना कळायचं नाही. एक पांढरं फुलपाखरू असतं, पंखावर काळा ठिपका, दिसायला गरीब गाय. ऊन तापलं की येतं, पानाखाली अंडी चिकटवतं आणि निघून जातं. त्यातून पानाच्याच रंगाच्या अळ्या निघतात आणि बघता बघता पानाच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवतात. फुलपाखरांचं कौतुक करणारी माणसं बहुतेक कोबी लावत नसावीत.

पहिल्या वर्षी बायकोने पडद्याचं नेट नुसतंच पानांवर अंथरलं. फुलपाखरू वर बसलं, जाळीच्या भोकातून पोटाचं टोक खाली घातलं आणि अंडी घालून गेलं. मग तिने प्लॅस्टिकच्या पाइपच्या कमानी रोवल्या आणि जाळी पानांपासून वीतभर उंच ताणली. तर ते काठाखालून चालत आत गेलं. चालत. बेकरीवाल्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर तिने जाळीच्या काठात शिशाची साखळी शिवली, पडदा सरळ पडावा म्हणून तळाशी घालतात ती, आणि काठ जमिनीला असा बसला की मुंगीनेही वाट बदलावी. तरी पुढच्या वर्षी एक फुलपाखरू आतच जन्माला आलं, कारण जुन्या पाल्यात त्याचा कोष राहून गेला होता. तेव्हापासून जाळी घालायच्या आधी ती वाफा गहू निवडावेत तसा निवडायची, पान न् पान उलटून पुसायची, आणि मगच झाकायची.

बेकरीवाल्याला बायकोच्या या कामाचं फार कौतुक होतं. कणीक हाताला लागली की पाव कसा होणार ते त्याला कळायचं; मन लावून केलेलं काम त्याला लांबूनही दिसायचं. जाळीची शिवण अशी होती की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते ओळखू येऊ नये. पण बायकोचं कौतुक तिच्या तोंडावर करणं म्हणजे काहीतरी भलतंच, असं समजणाऱ्या माणसांपैकी तो होता. त्यामुळे तो म्हणायचा, "झाकलीस का तुझी नवरी?" आणि ती म्हणायची, "तुम्ही तुमचे पाव झाका."

यंदाची जाळी मात्र खायच्या कोबीवर नव्हती. तिच्या आईने एक कोबी जपला होता, लहान, टोकदार गड्ड्याचा, देठाशी जांभळट. बाजारात तो मिळत नाही आणि बियांच्या कुठल्या पुडीवर त्याचं चित्रही नाही. आईने बी धरलं, दोन्ही मुलींना दिलं, आणि पुढे ती गेली. थोरली मुलगी पाचव्या मजल्यावर राहायला गेली तशी तिची बाग संपली आणि बीही. धाकटीच्या, म्हणजे या पडदे शिवणारीच्या, डब्यात चिमूटभर उरलं होतं, तेही इतकं जुनं की उगवेल की नाही देव जाणे. तिने होतं नव्हतं ते सगळं पेरलं. पाच-सहा रोपं आली. ती तिने कापली नाहीत, थंडीभर सांभाळली, आणि आता गड्डे फोडून उंच दांडे वर आले होते आणि दांड्यांवर पिवळी फुलं लागली होती. यातून बी आलं तर आईचा कोबी राहणार होता. नाही आलं तर तो संपला. थोरली दर रविवारी फोन करायची आणि माणसांची चौकशी करायच्या आधी विचारायची, "कोबी कसा आहे?"

दांडे वाढले तशी बायकोने जाळीही वाढवली. वाढत्या मुलीच्या झग्याची टीप उसवून लांबी सोडतात, तसं दर काही दिवसांनी ती कापड सोडत होती. जाळीला आता दोन कामं होती. एक म्हणजे फुलपाखरू, कारण त्याच्या अळ्यांना कोवळ्या शेंगाही चालतात. दुसरं म्हणजे भिंतीपलीकडच्या घड्याळजींचा नवलकोल. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी, अगदी सभ्य माणूस, पण त्यांचा नवलकोलही यंदा फुलावर होता. कोबी आणि नवलकोल एकाच कुळातले. एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर गेले तर बी धरतं खरं, पण त्यातून पुढे जे उगवतं ते ना धड कोबी, ना धड नवलकोल.

तेवढी फुलं छाटाल का, असं विचारायला ती एकदा भिंतीपाशी गेलीही होती. घड्याळजी चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, मलाही बी धरायचंय. तुमचा आईचा आहे, माझा वडिलांचा." ती परत आली आणि जाळीच्या काठात शिशाची आणखी एक साखळी घातली.

मग एक दिवस भर दुपारी ती पुढे दुकानात आली. गिऱ्हाईक असताना ती कधी पुढे यायची नाही. मैद्याच्या पोत्यावर बसली आणि मूठ उघडली. तळहातावर सुईएवढ्या बारीक, पिवळ्या पडलेल्या काड्या होत्या.

"काय गं हे?"

"शेंगा. व्हायच्या होत्या त्या."

बिस्किटं बांधून घेतलेल्या बाई बाहेर पडेपर्यंत तिने मूठ पुन्हा मिटून ठेवली. मग म्हणाली, "आत काही नाही. सगळ्या गळतायत. खालचा फुलोरा सगळा फुकट गेला. अहो, आई म्हणायची, एकटा कोबी बी देत नाही, त्याला सोबत लागते. सोबत मी लावली, पण एकाचे पराग दुसऱ्याकडे नेणार कोण? मी आत कुणाला सोडलंय? फुलपाखरू नको, फुलपाखरू नको, एवढंच डोक्यात. एवढी साधी गोष्ट आणि मला सुचली नाही. मीच घालवला आईचा कोबी."

बायको आपली चूक कबूल करतेय, हे बेकरीवाला लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहत होता. असा दिवस उगवला तर आपल्याला मजा येईल, असं त्याला आजवर वाटायचं. मजा आली नाही. ती त्या काड्या एकेक करून पोत्यावर मांडत होती आणि ते त्याला बघवेना. ‘अति तिथे माती’ ही म्हण जिभेच्या टोकावर आली होती, ती त्याने गिळली. लग्नं टिकतात ती अशाच गिळलेल्या म्हणींवर.

"एक-दोन दिवस जाळी काढून ठेवू या का?" त्याने विचारलं.

"आणि नवलकोल? मग येईल ते बी आईचं कसलं?"

तिने रंगकामाचा बारीक ब्रश घेतला आणि वाफ्यात जाऊन बसली. या झाडाच्या फुलावरून त्या झाडाच्या फुलावर ब्रश फिरवायचा, मग पुढचं फूल. फुलं मोजायची सोय नव्हती. आत जायला जाळी उचलली की ते पांढरं टपलेलंच. एकदा तिच्या मागोमाग आत शिरलं आणि त्याला हुसकण्यात अख्खी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे गुडघे असे धरले की बेकरीवाल्याने काखेत हात घालून तिला उठवलं. जेवढी फुलं तिने उरकली होती त्याच्या कितीतरी पट गळून गेली होती. आता फुलोरा फक्त शेंड्यांकडे उरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळची भट्टी उरकून बेकरीवाला चहाचा कप घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. पलीकडे घड्याळजींच्या नवलकोलावर नुसती गर्दी होती. दुसरा कुणी असता तर त्याने मधमाश्या पाहिल्या असत्या. पण याची नजर उभा जन्म एकाच प्राण्यावर रोखलेली. त्याला दिसल्या त्या माश्या. निळ्या-हिरव्या, चकचकीत, ज्यांना तो उंबऱ्यावरूनच परत पाठवायचा त्या. फुलातून निघत होत्या, दुसऱ्या फुलात शिरत होत्या, आणि त्यांच्या पायांना पिवळं पीठ लागलं होतं. पीठ लागलेले पाय ओळखायला त्याला वेळ लागला नाही. चहा तसाच कपात निवला.

मधमाशी धरून जाळीत सोडली तर ती फुलाकडे ढुंकून बघायची नाही, हे त्याला उमगलं. तिचा जीव पोळ्याकडे, ती छताला डोकं आपटत राहील. माशीला घरदार नाही. जिथे गोड तिथे तिचं माहेर. हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? मात्र इथली माशी धरून उपयोग नाही, ती अंगावर नवलकोलाचे पराग घेऊनच यायची. माशी हवी ती कोरी, आजवर कुठल्याच फुलावर न बसलेली.

गळाने मासे धरणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान चार गल्ल्या सोडून होतं. तिथे गळाला लावायला कोंड्यात ठेवलेल्या माशीच्या जिवंत अळ्या मिळतात, हे त्याने ऐकलं होतं आणि ऐकून त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. आज तो गेला. काउंटरवर एक जाडजूड बाई दोरा गुंडाळत बसली होती.

"कुठल्या माशाला?" तिने विचारलं.

"मासा नाही. कोबी."

बाईचा दोरा थांबला. "कोबी गळाला लागतो?"

"लागला तर सांगायला येईन. यांच्या माश्या व्हायला काय करावं लागतं?"

"काका, माश्या होऊ नयेत म्हणून काय करायचं ते लोक विचारतात. त्यांना मी सांगते, फ्रिजमध्ये ठेवा. तुम्ही ठेवू नका, म्हणजे झालं."

डबा कोटाच्या आत लपवून तो परतला. स्वतःच्या दुकानासमोरून तोंड फिरवून गेला आणि मागच्या दाराने घरात शिरला. बायको मशीनवर होती. त्याने डबा तिच्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं.

तिने आत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "अळ्या," ती म्हणाली. "अळ्यांपासून कोबी वाचावा म्हणून मी इतकी वर्षं जाळ्या शिवतेय. आणि तुम्ही अळ्या विकत आणल्यात?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पिवळे पाय, मधमाशीचं पोळं, माशीचं माहेर, कोऱ्या माशीची गरज. पावाच्या भावापलीकडे एवढं लांबलचक तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. यातली एकही अळी पानाला तोंड लावणार नाही, या नुसत्या कोष करतील आणि माश्या होऊन उडतील, हेही सांगितलं. बायको कात्री हातात धरून ऐकत राहिली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली.

"आणि तुमच्या दुकानाचं काय? कुणी पाहिलं तर?"

"जिन्याखाली ठेवतो, मागे. फक्त तू कुठे बोलू नकोस. बेकरीवाल्याने माश्या पाळल्यात म्हटलं की पाव मलाच खावे लागतील."

"नाही बोलणार. आईची शपथ." तिने डबा उचलून उजेडात धरला. "पण जाळी उचलायची नाही हां. उचलली की ते पांढरं आत शिरलंच. थांबा, बघते."

तिने नेटचा उरलेला तुकडा काढला, मधून दुमडला आणि मशीनखाली घातला. होता होता एक लांब बाही तयार झाली. एक तोंड जाळीला शिवायचं, दुसरं हाताशी. बाहीला दोन नाड्या, एक जाळीपाशी आणि एक बाहेरच्या टोकाला. डबा बाहीत सरकवायचा, बाहेरची नाडी आवळायची, आणि ती आवळल्याशिवाय आतली सोडायची नाही. म्हणजे आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं, कुठे तिने पाहिलं नव्हतं. बोटांनी विचार केला आणि तिचं तिला सुचलं. बेकरीवाला दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. सकाळपर्यंत हीच बाई सगळं संपलं म्हणून बसली होती.

"तुझ्यासारखं काम मी कुणाचं पाहिलं नाही गं," तो म्हणाला. "खरंच सांगतो."

तिने मान वर केली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे."

"मग दोरा ओवून द्या."

अळ्या तपकिरी दाण्यांसारख्या निपचित झाल्या आणि पुढे एका सकाळी जिन्याखालचा डबा गुणगुणू लागला. दोघांनी मिळून तो बाहीत सरकवला, बाहेरची नाडी आवळली, आतली सोडली. माश्या बाहेर आल्या आणि सरळ जाळीच्या छताला जाऊन बसल्या. बसल्या त्या बसल्या. फुलं खाली, या वर. बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण तो हलेना.

"खाली या की, गाढवांनो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "खाली गोड आहे."

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. या माणसाने जन्मभर ज्यांना हाकललं, त्यांना तो आज जेवायला बोलावत होता. तेवढ्यात घराच्या छपरावरून ऊन वाफ्यात उतरलं. एक माशी उडाली, शेंड्याच्या फुलावर बसली, सोंड आत घातली, पाय चोळले आणि शेजारच्या झाडावर गेली. मग दुसरी गेली. मग कुठली कुठे गेली ते सांगता येईना.

पुढचे काही दिवस बेकरीवाल्याचं दुकानात लक्ष नव्हतं. पावाचा एक घाणा तर चक्क करपला. मधूनच तो मागे जायचा, जाळीवर पाण्याचा हलका शिडकावा करायचा, माश्यांना तहान लागते म्हणे. बायको रोज बाहीतून हात घालून शेंड्याकडच्या काड्या चाचपायची आणि हात काढून घ्यायची. तो विचारायचा नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला उत्तर मिळायचं, आणि ते रोज ‘अजून नाही’ असंच असायचं. फुलं विरळ झाली, मग संपली. माश्याही एकेक करून मेल्या. आता काय धरायचं ते धरलेलं होतं, किंवा नव्हतं.

रविवारी सकाळी दुकान भरलेलं होतं. रांगेत घड्याळजीही होते. इतक्यात मागचं दार उघडलं आणि बायको आत आली, कानाला फोन, ब्लाउजची एक बाही कोपरापर्यंत वर सरकवलेली. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती. थोरलीला आताशा कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिच्याशी बोलायचं ते अख्ख्या गल्लीशी बोलल्यासारखं.

"ताई, धरल्या. शेंगा धरल्या गं. बोटाला दाणे लागतायत, एकेका शेंगेत ओळीने. शेंड्याकडच्या सगळ्या. आईचा कोबी राहिला, ताई."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कसा म्हणजे? ह्यांनी माश्या पाळल्या," बायको म्हणाली. आनंदात माणसाला शपथा आठवत नाहीत. "माश्या. हो, माश्याच. आपल्या घरात, जिन्याखाली. डबाभर."

एका बाईंनी हातातला पाव हळूच काउंटरवर ठेवला. घड्याळजींनी चष्मा काढला. बायकोच्या लक्षात आलं आणि तिचा हात तोंडावर गेला. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगली तर बरं.

बेकरीवाल्याच्या हातात अर्धवट भरलेली पिशवी होती. इतक्या वर्षांची त्याची इज्जत त्या काउंटरवर ठेवलेल्या पावाशेजारी पडलेली होती, ते त्याला दिसत होतं. तिचा ओला चेहराही दिसत होता. एवढी सुंदर त्याला ती लग्नातही दिसली नव्हती.

"आण इकडे फोन," तो म्हणाला. त्याने पिशवी खाली ठेवली, फोन कानाला लावला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलू लागला. "ताई, नमस्कार. बी वाळलं की पाठवतो. मोठ्या कुंडीत लावा, गच्चीवर ऊन येत असेल तिथे. फुलपाखराची काळजी करू नका. जाळी शिवायला हिला घेऊन येतो, हिच्यासारखी जाळी कुणी शिवत नाही."

थोरली बराच वेळ नुसती रडत होती. मग तिने विचारलं, "आणि पुढे बी धरायचं झालं तर? माश्या?"

"त्याही मीच आणीन," बेकरीवाला भरल्या दुकानात म्हणाला.